जड कानांच्या बाई

१

कायदा खात्याकडून आलेला लिफाफा थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने फोडला, आतलं पत्र वाचलं आणि ते खो खो हसले. मग हसता हसता मध्येच थांबले. पत्र पुन्हा वाचलं, दार आतून लावून घेतलं आणि फोन करून चौकशीबाईंना बोलावलं.

चौकशीबाई म्हणजे वरच्या कोर्टाच्या दक्षता अधिकारी, मूळच्या न्यायाधीशच. कोर्टातल्या माणसांच्या तक्रारींची चौकशी त्यांच्याकडे, म्हणून हे नाव पडलेलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. त्या आल्या तेव्हा थोरले साहेब खुर्चीत बसले नव्हते, खोलीभर फेऱ्या मारत होते.

"वाचा," ते म्हणाले. "तुम्हालाही हसू येईल. माझं हसून झालंय."

पत्र छोटंसंच होतं. तीन वरिष्ठ न्यायाधीशांच्या समितीने वरच्या कोर्टासाठी ज्या जिल्हा न्यायाधीश बाईंचं नाव सुचवलं होतं, ते सरकारने परत पाठवलं होतं. कारण असं दिलं होतं: 'सदर बाईंचे कान जड असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते, सबब साक्षीपुरावा नीट ऐकणे त्यांना शक्य होईल असे वाटत नाही.'

"त्या तर ठणठणीत आहेत," चौकशीबाई म्हणाल्या. "मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं तरी त्यांना ऐकू जातं, असं वकीलच सांगतात."

"म्हणून तर हसलो. आणि मग लक्षात आलं की हे शब्द माझे आहेत."

चौकशीबाईंनी मान वर केली.

"समितीच्या बैठकीत मीच बोललो होतो. पुलाचा खटला तुम्हाला आठवत असेल. पूल कोसळला, माणसं गेली, आणि ठेकेदार निघाला कायदामंत्र्यांचा मेव्हणा. बाईंनी त्याला आत टाकलं. तेव्हापासून त्यांच्याविषयी नाही नाही त्या कंड्या पिकवल्या जातायत. मला म्हणायचं होतं की या बाईंना कुणी काहीही सांगून फिरवू शकत नाही. म्हणून मी म्हणालो, 'बाई हलक्या कानाच्या नाहीत. कान जड आहेत त्यांचे, चांगले जड आहेत!' सगळे हसले. झालं. बंद खोलीत, चार माणसांत."

"आणि तिथून ते खात्यात पोचलं."

"पोचलं, आणि वाटेत अर्थाचा अनर्थ झाला." थोरले साहेब एकदाचे बसले. "कान मी उद्या डॉक्टरकडून तपासून घेईन, ते मोठंसं नाही. खोलीचं काय करू? सरकारला नाव एकदाच परत पाठवता येतं. आम्ही तिघांनी एकमताने पुन्हा पाठवलं, तर नेमणूक करावीच लागते. पण एक जरी फुटला, तर नाव कायमचं बाद. सोमवारी आम्ही बसतोय. आमच्या खोलीत त्यांचा माणूस असेल, तर सोमवारी काय होणार हे मला आज कळायला हवं. हे पत्र फक्त आपण दोघांनी पाहिलंय. नाव परत आलं एवढंच मी बाकीच्यांना सांगितलंय, का ते नाही."

"खोलीत कोण कोण होतं?"

"मी, मधले साहेब, धाकटे साहेब. आणि टिपणं घ्यायला आमच्या लघुलेखिकाबाई. त्यांचे यजमान कुठे नोकरी करतात, माहीत आहे ना? कायदामंत्र्यांची गाडी चालवतात."

२

समितीची खोली लांबट होती. मध्ये अंडाकृती टेबल, एका भिंतीला दार आणि त्याच भिंतीत व्हरांड्याकडे उघडणारी खिडकी. लघुलेखिकाबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या, पण टेकून नव्हे, कडेला. यजमानांच्या नोकरीमुळे आपल्यावर बालंट येणार हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"मॅडम, आमच्या घरी ऑफिस काढायचं नाही असा नियम आहे," त्या बसल्या बसल्याच सुरू झाल्या. "हे त्यांच्या साहेबांचं बोलत नाहीत, मी माझ्या साहेबांचं बोलत नाही. मग आम्ही बोलतो काय? गॅस संपलाय, नळ गळतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, नळ अजून गळतोय."

चौकशीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "त्या दिवशी थोरले साहेब काही गमतीचं बोलले होते म्हणे."

"बोलले ना! बाई हलक्या कानाच्या नाहीत, जड कानाच्या आहेत, असं काहीतरी. हलक्याचं उलट जड!" आठवून त्या पुन्हा हसल्या, आणि मग आपण चौकशीत हसतोय हे ध्यानात येऊन पदर सावरत बसल्या.

"कुठे बसून म्हणाले?"

"बसून नाही. ते मध्ये उठले होते, पाय मोकळे करायला. त्या खिडकीशी जाऊन उभे राहिले, बाहेर बघत. तिथूनच म्हणाले, सरकारने नाव परत पाठवलं तर मी त्याच आठवड्यात पुन्हा पाठवणार, वाट बघत बसणार नाही. मग म्हणाले, बाई हलक्या कानाच्या नाहीत. आणि मग टेबलाकडे वळून ते जड कानांचं. वळतानाच हसत होते."

"आणि बाकीचे?"

"धाकटे साहेब तर टेबलावर थाप मारून हसले. मधले साहेब..." लघुलेखिकाबाईंनी आठवून पाहिलं. "ते हसत नसतातच फारसे. शिस्तीचे आहेत ना."

चौकशीबाई उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर व्हरांड्यात, खिडकीला अगदी चिकटून, एक टेबल होतं. टेबलामागे प्रबंधकसाहेब बसले होते. कोर्टाचं सगळं कामकाज यांच्या हाताखाली चाले, आणि यांच्याशिवाय कोर्ट एक दिवस चालणार नाही असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. ते एका कागदावर सही करत होते. चौकशीबाईंनी वरून वाकून पाहिलं. लघुलेखिकाबाईंच्या निलंबनाचा आदेश होता तो. चौकशी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती.

३

"घाई? घाई कसली?" प्रबंधकसाहेबांनी कागद उलटा करून ठेवला. "नवरा मंत्र्याचा ड्रायव्हर. बातमी मंत्र्याकडे. दोन आणि दोन चार होतात, बाई. तुम्ही कायद्याच्या, मी हिशेबाचा."

"बातमी मंत्र्याकडे गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोर्टात काय चाललंय हे मला सांगावं लागत नाही."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं."

प्रबंधकसाहेबांची मान ताठ झाली. चौकशीबाई त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर हात ठेवून नुसत्या खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीचं तावदान गंजून अर्धवट उघडं राहिलेलं होतं, ते लागतच नव्हतं. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि काही माणसांना शांतता अजिबात सोसत नाही.

"आता खिडकीशी उभं राहून कुणी बोलत असेल तर मी काय कानात बोळे घालू?" प्रबंधकसाहेब उसळले. "साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. त्याच आठवड्यात पुन्हा नाव पाठवणार म्हणाले, बाई हलक्या कानाच्या नाहीत म्हणाले. कानावर पडलं. मी काही भिंतीला कान लावून बसलो नव्हतो!"

सापडला, असं चौकशीबाईंना वाटलं. ऐकलं होतं, कबूलही केलं होतं, आणि वर दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला आदेश तयार ठेवला होता. आणखी काय हवं?

"आणि त्यापुढे काय म्हणाले?"

"पुढे काय?" ते गोंधळले. "पुढे साहेब आत वळले. हसल्याचा आवाज आला. कशावर हसले ते मी आत जाऊन विचारणार होतो का?"

चौकशीबाई थबकल्या. हा माणूस खोटं बोलत असेल तर अर्धंच का सांगेल? पण तो खोटं बोलत असल्याचं दिसत नव्हतं. खिडकीशी बोललेलं याला ऐकू आलं, टेबलाकडे वळून बोललेलं आलं नाही. आणि खात्याच्या पत्रात नेमकं उलटं होतं. त्यात 'हलक्या कानाच्या नाहीत' याचा मागमूस नव्हता, होतं ते फक्त 'कान जड'. आणखी एक. थोरले साहेब त्याच आठवड्यात नाव पुन्हा पाठवणार, ही सरकारच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची बातमी होती. ती कळली असती तर त्यांनी नाव इतक्या लवकर परत पाठवलंच नसतं, महिनोन्‌महिने फाइल दाबून ठेवली असती. थोरले साहेब निवृत्त होईपर्यंत.

म्हणजे फोडणाऱ्याला खिडकीशी बोललेलं काहीच कळलं नव्हतं. आणि तरीही तो बंद खोलीतच होता.

"तो आदेश फाडा," चौकशीबाई म्हणाल्या.

"का म्हणून?"

"कारण दोन आणि दोन चार होतात, पण तुमच्याकडे दोनच आहेत."

प्रबंधकसाहेबांनी आदेश फाडला नाही, खणात टाकला. खण मात्र जोरात लावला.

४

धाकट्या साहेबांकडे चौकशी करणं म्हणजे गप्पांना बसणं. वय साठीकडे झुकलेलं, पण तिघांत लहान म्हणून धाकटे. कायदा सचिवांबरोबर त्यांचं रोजचं टेनिस होतं आणि ते त्यांनी न विचारताच सांगून टाकलं.

"तुमचा संशय माझ्यावरच असायला हवा," ते मजेत म्हणाले. "मीही माझ्यावर घेतला असता. पण टेनिस खेळताना मला धापच इतकी लागते की गुपितं फोडायला दम उरत नाही."

"सर, बैठकीतला तो विनोद तुम्ही कुणाला सांगितलात?"

"बायकोला. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग, कोर्टातल्या गोष्टी बाहेर कुणाला कळत नाहीत." त्यांनी तो पुन्हा सांगितला, खिडकीपासून, हातवारे करून, थोरल्या साहेबांच्या आवाजात. एकही शब्द गाळला नाही. ज्याला हलक्या-जडाची कोटी इतकी आवडली, तो ती अर्धी तोडून का देईल? आणि त्याच आठवड्याची गोष्टही त्यांना पाठ होती.

मधल्या साहेबांच्या दालनात शिरताना मात्र चौकशीबाईंनी साडी नीट केली. त्यांचा दरारा होताच तसा. भर दुपारी त्यांच्या दालनातले सगळे दिवे लागलेले असत. कोर्टात वकिलाने तोंडासमोर कागद धरला की गर्जना होई, 'कागद खाली घ्या, न्यायाधीशाकडे बघून बोला!' तोंडी बडबडीवर त्यांचा विश्वास नव्हता, युक्तिवाद लेखी द्यायचा. तरुण वकील त्यांना टरकून असत आणि म्हातारे वकील म्हणत, असा करडा माणूस आता होणे नाही.

"समोर बसा," मधले साहेब म्हणाले. "बाजूला नको."

त्या समोर बसल्या. साहेब खण उघडून चष्मा शोधत होते. चौकशीबाईंनी विचारलं, "सर, नाव परत आल्याचं तुम्हाला कधी समजलं?"

उत्तर नाही. साहेब चष्मा शोधत राहिले. असल्या प्रश्नाला उत्तर देणं आपल्याला शोभत नाही, असा त्याचा अर्थ बाईंनी लावला आणि त्यांचे कान गरम झाले. चष्मा सापडल्यावर साहेबांनी मान वर केली. "हं. विचारा."

"बैठकीत एक विनोद झाला होता, सर."

मधल्या साहेबांचा चेहरा एकदम कठोर झाला. "त्याला तुम्ही विनोद म्हणता? मी नाही हसलो. कुणाच्या व्यंगावर हसणं मला पसंत नाही. थोरल्या साहेबांकडून ही अपेक्षा नव्हती."

चौकशीबाई खाली मान घालून बाहेर पडल्या. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपण टवाळखोर ठरलो, याचीच त्यांना लाज वाटत होती. संध्याकाळ होत आली, सोमवार जवळ आला, आणि संशय घ्यायला माणूसच उरला नाही.

५

घरी आईने दार उघडलं तेव्हा आत अंधारून आलं होतं. चौकशीबाई चपला काढता काढताच बोलू लागल्या. प्रबंधकांचा खण, लघुलेखिकाबाईंचा नळ, सगळं. नावं न घेता सांगायची सवय होती त्यांना.

"थांब गं," आई म्हणाली. "आधी दिवा लाव. अंधारात मला ऐकू येत नाही."

चौकशीबाईंनी दिवा लावला. हे वाक्य त्यांनी रोज ऐकलं होतं आणि रोज त्यावर आईची थट्टा केली होती. आईचे कान गेल्यापासून ती ओठांकडे बघून समजून घ्यायची, आणि ते कबूल मात्र करायची नाही. कुणी पाठ फिरवून बोललं की म्हणायची, हल्ली लोकांना वळणच राहिलेलं नाही.

बाईंचा हात बटणावरच राहिला.

भर दुपारी लागलेले दिवे. समोर बसा, बाजूला नको. कागद खाली घ्या. थोरले साहेब खिडकीकडे तोंड करून बोलले ते एका माणसापर्यंत पोचलंच नाही, आणि वळून बोलले तेवढंच पोचलं. ज्याने 'हलक्या कानाच्या नाहीत' ऐकलं, त्याला कोटी कळली. ज्याने फक्त 'कान जड आहेत' पाहिलं, त्याला व्यंग दिसलं. कुणाच्या व्यंगावर हसणं मला पसंत नाही! पत्रात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि साहेब स्वतःच ते बोलून गेले होते. बाईंनी त्याला मोठेपणा समजून मान खाली घातली होती.

"काय झालं?" आईने विचारलं. "अशी का उभी राहिलीस?"

"काही नाही. मीच ठार बहिरी आहे."

रविवारी सकाळी त्या मधल्या साहेबांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. घर टापटीप, बैठकीत उजेड भरपूर. साहेबांनी हाताने समोरची खुर्ची दाखवली. चौकशीबाई बसल्या नाहीत. त्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेल्या, साहेबांकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सर, सोमवारच्या आत मला थोरल्या साहेबांना एक नाव सांगायचंय. ते तुमचं आहे."

मागे काहीच हालचाल झाली नाही. त्या वळल्या. साहेब शांतपणे चष्मा पुसत होते. दारात मात्र त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या, आणि कपबश्या किणकिणत होत्या.

"त्यांना ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "मला आलं."

६

साहेबांनी नाकारलं नाही. पत्नीने समोर बसून, सावकाश, ओठ नीट हलवत ते वाक्य पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांचे खांदे उतरले. न्यायाधीशाचे खांदे असे उतरलेले चौकशीबाईंनी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांना वाईट वाटलं. राग येईल असं वाटलं होतं.

"दोन वर्षं झाली," साहेब म्हणाले. "एक कान आधीच गेला होता, दुसराही जात गेला. यंत्र लावावं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. यंत्र आणलं, पण लावायची छाती झाली नाही. डॉक्टरांचा अहवाल मात्र खात्यात पोचला. कसा ते विचारू नका. एक दिवस त्यांचा माणूस इथे आला, तुम्हाला दाखवली त्याच खुर्चीत बसला. फार अदबीने बोलला. म्हणाला, साहेब, तुम्हाला ऐकू येत नाही हे बाहेर कळलं, तर तुम्ही दिलेला प्रत्येक निकाल उकरला जाईल."

"आणि त्या बदल्यात?"

"पुलावाल्या बाईंमध्ये एखादी खोट सांगा. आणि नाव पुन्हा आलं की विरोधात मत नोंदवा. बस."

"म्हणून तुम्ही कान जड असल्याचं सांगितलंत."

"मला वाटलं, तिचंही माझ्यासारखंच आहे." साहेबांचा आवाज चढला. आपला आवाज चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. "मी जीव मुठीत धरून लपवतोय, आणि तिच्याविषयी हे टेबलावर हसून बोलतायत, आणि तरी तिलाच वर घेतायत! माझ्या जिवाचा संताप झाला. खोट विचारली होती, ती आयतीच मिळाली."

चौकशीबाई पुढे सरकल्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर चेहरा धरून म्हणाल्या, "सर, थोरले साहेब त्याआधी खिडकीशी एक वाक्य बोलले होते. बाई हलक्या कानाच्या नाहीत. कान जड आहेत, हे त्याच्या पुढचं."

साहेबांनी ते वाक्य वाचलं. ओठांनी मनाशी एकदा म्हणून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"चांगली कोटी होती," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला.

"सोमवारी मी बाजूने मत देतो," थोड्या वेळाने साहेब म्हणाले. "मग तर झालं?"

"मत द्याल, आणि संध्याकाळपर्यंत तो अहवाल सगळ्यांच्या हातात असेल. मग ते म्हणतील, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मताला किंमत काय? नाव पुन्हा अडकेल. तुम्ही विरोधात दिलंत, तर तिथेच अडकलं. सर, त्यांच्याकडे तुमचं गुपित आहे तोवर सही तुमची असली तरी हात त्यांचाच."

"म्हणजे मीच सांगू? चारचौघांत?"

चौकशीबाईंच्या डोळ्यांसमोर साहेबांच्या हाताखालून गेलेल्या खटल्यांचे गठ्ठे आले होते. जामीन, घटस्फोट, शिक्षा, फाशीसुद्धा. यांतलं किती ऐकलं होतं या माणसाने? विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

७

थोरल्या साहेबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. सोमवारी एकमत करू, नाव पाठवू, मग तब्येतीचं कारण देऊन त्यांना सन्मानाने घरी जाऊ दे. उघड झालं तर सरकारला हवंच आहे ते. बघा, यांना स्वतःची माणसं निवडता येत नाहीत, निवड आमच्या हातात द्या, असा गावभर डंका पिटतील."

"पिटतील," चौकशीबाई म्हणाल्या. "पण सर, लपवलं तर त्या गुपिताची दोरी त्यांच्याच हातात राहील."

"तुमचंही नाव कधीतरी नेमणुकीसाठी याच टेबलावर येणार आहे, बाई. जरा जपून."

थोरले साहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. कोर्टाची अब्रू सांभाळता सांभाळता ते तिच्यावर पांघरूण घालायला निघाले होते, आणि हे त्यांना बाईंनी सांगायला हवं होतं असंही नाही. ते त्यांना कळत होतं.

सोमवारी समिती बसली. मधल्या साहेबांनी बाजूने मत दिलं, सगळ्यांत आधी सही केली, आणि कुणाला काही न सांगता थेट आपल्या कोर्टात गेले. चौकशीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. कोर्ट भरलेलं होतं. सगळे दिवे लागले होते. साहेब आसनावर बसले नाहीत, उभेच राहिले. बसलेले वकील गडबडून उठले.

"मला ऐकू येत नाही," साहेब म्हणाले. आवाज नको इतका मोठा होता. "दोन वर्षांपासून. मी तुमचे ओठ वाचतो, जेवढे वाचता येतात तेवढे. हे मी लपवलं. माझ्या लपवण्याचा काही लोकांनी उपयोग केला, आणि मी तो करू दिला. आज एका नेमणुकीवर मी सही केली आहे, ती कुणाच्याही सांगण्यावरून नाही. ती माझी शेवटची सही. या दोन वर्षांत मी दिलेले निकाल पुन्हा तपासावेत, अशी विनंती मी थोरल्या साहेबांना करतो आहे."

काही म्हातारे वकील मान खाली घालून उभे होते. कुणीतरी डोळे पुसले. खात्याच्या माणसाच्या खिशात आता अहवाल होता की नव्हता, याने काही फरक पडणार नव्हता. दबाव आणल्याचं उघड झाल्यावर जिल्ह्याच्या बाईंचं नाव आता कुणाला अडवता येणार नव्हतं. चौकशीबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्यांना रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उभ्या राहिल्या. मध्यम वय, हातात कापडी पिशवी. कोर्टाचा शिपाई त्यांना बसवायला धावला, पण त्या बसल्या नाहीत. त्या काहीतरी म्हणाल्या. अंतर फार होतं आणि मध्ये माणसं होती. मधल्या साहेबांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि मग असहायपणे इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या चौकशीबाईंवर येऊन थांबली.

चौकशीबाई पुढे गेल्या. आसनाच्या समोर, उजेडात उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "त्या विचारतायत, सर. माझा मुलगा जन्मठेप भोगतोय. त्याची केस तुमच्यासमोर चालली. त्याचं तुम्ही ऐकलं होतं का?"

साहेबांनी ते वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "कागद वाचले. त्याला ऐकलं नाही."

बाईंनी पिशवी छातीशी धरली. त्यांचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली गेला होता. कोर्टातल्या सगळ्यांना तो ऐकू आला, एका माणसाखेरीज.

"मग सही कशी केलीत?"

साहेब चौकशीबाईंकडेच बघत होते, त्यांच्या ओठांकडे. हाही प्रश्न त्यांच्यापर्यंत चौकशीबाईंनाच पोचवायचा होता. त्यांनी एकदा त्या आईकडे पाहिलं, मग पुन्हा साहेबांसमोर चेहरा धरला आणि एकही शब्द न गाळता तो विचारला.